सरकारवाडा बाहेरून कसा पाहावा: गंगेपासून छपरापर्यंत

नाशिकच्या सराफ बाजारातील सरकारवाडा ही पेशवाईतील वास्तू आज राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे असून तेथे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. संग्रहालय पाहायला येणारा माणूस बहुधा सरळ पायऱ्या चढतो, दालनांतील वस्तू पाहतो आणि आल्या वाटेने बाजाराच्या गर्दीत मिसळून जातो. ज्या इमारतीत हा संग्रह मांडला आहे, ती स्वतःच त्यातील सर्वांत मोठी वस्तू आहे, याकडे लक्ष जाण्याइतकी सवड त्याला मिळत नाही. यात दोष पाहणाऱ्याचा कमी आणि जागेचा जास्त आहे. वाड्यासमोरचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दुकाने, मधून दुचाकींची ये-जा. चार पावले मागे सरकून सगळा दर्शनी भाग एका नजरेत घ्यावा म्हटले, तर पाठ समोरच्या दुकानाच्या फळीला लागते.

त्यामुळे हा वाडा एका जागी उभे राहून पाहण्याचा नाही. तो तुकड्यातुकड्यांनी, चालत आणि ठरावीक क्रमाने पाहावा लागतो, आणि माझ्या मते त्या क्रमाची सुरुवात वाड्यासमोर होत नाही. ती गंगेवर होते. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून पुढेही तसेच लिहितो.) नदीपाशी उभे राहून वाड्याकडे निघाले की त्याचे जोते (ज्यावर इमारत उभी असते तो दगडी चौथरा) इतके का उचलले असावे, दगड कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होते, छपराचे पाणी कोणीकडे जाते, या प्रश्नांना एकमेकांचा आधार मिळू लागतो.

निघण्यापूर्वी

सकाळी लवकर जावे. सराफ बाजाराची दुकाने उघडण्याआधीचा वेळ हाच बाहेरून पाहण्याचा खरा वेळ आहे, कारण एकदा दुकाने उघडली, पाट्यांसमोर गाड्या लागल्या आणि गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू झाली की जोत्याचा खालचा भाग दिसेनासा होतो. बुधवार टाळावा, त्या दिवशी गंगेवर आठवडे बाजार भरतो आणि नदीकाठाहून गावात येणाऱ्या वाटा भरून जातात. रंगपंचमीला जुन्या नाशिकमध्ये पेशवेकालीन रहाडी (रंग खेळण्याचे जमिनीतील दगडी हौद) उघडतात, तो सोहळा आवर्जून पाहावा, पण त्या दिवशी वास्तू पाहण्याचा विचार करू नये. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे गोदाकाठी आणि जुन्या गावात रस्त्यांची कामे निघालेली असू शकतात. तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करून घ्यावी. संग्रहालयाची वेळ आणि सुटीचा वारही तेव्हाच विचारावा, कारण या पाहणीचा शेवटचा टप्पा आत जाऊनच पुरा होतो.

सोबत फार काही लागत नाही. एक वही, पेन्सिल, शिंप्याकडे असते तशी कापडी टेप आणि अर्धी भरलेली पाण्याची पारदर्शक बाटली एवढे पुरे आहे. बाटली पिण्यासाठी उपयोगी आहेच, पण तिचे खरे काम पुढे येईल. दुर्बीण असल्यास वरच्या मजल्याचे लाकूडकाम पाहायला बरी पडते. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून वाड्याचे छप्पर आधी एकदा पाहून ठेवावे. जुन्या वाड्यांच्या रचनेत मध्यभागी उघडा चौक आणि त्याच्या चारही बाजूंनी खोल्या असतात. ही पोकळी रस्त्यावरून कधीच दिसत नाही, म्हणून ती आधी डोक्यात असलेली बरी. त्याच नकाशावर उत्तर दिशा पाहून, वाड्याची कोणती भिंत कोणत्या दिशेला आहे, हे वहीत लिहून घ्यावे.

गंगेवरून वाड्यापर्यंत

पहिला थांबा दुतोंड्या मारुतीजवळचा काठ. नदीच्या पात्रात उभी असलेली ही मूर्ती नाशिककरांची जुनी पूरमापक पट्टी आहे: पाणी पायाला लागले, गुडघ्याला लागले, छातीला लागले, गळ्याला लागले, असे म्हटले की गावातल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. पलीकडे पंचवटीच्या बाजूला १७४७ चे नारोशंकराचे मंदिर आहे. त्याची घंटा ही त्याच मोजणीतली वरची खूण. आणि अलीकडच्या काठावर, बाजाराच्या आत, जुनी माणसे जी तिसरी खूण सांगतात ती सरकारवाड्याच्या पायऱ्यांची. मूर्ती, घंटा आणि पायरी या तीन खुणा एका ओळीत मांडल्या, की नदीपात्रापासून वाड्याच्या दारापर्यंतचा चढ ही एकच सलग गोष्ट आहे, हे कळते. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांतील मोठे पूर नाशिककरांना आठवतात, आणि त्या आठवणींत सराफ बाजारात शिरलेले पाणी हटकून असते.

आता वाड्याकडे निघावे, पण नुसते चालत जाऊ नये. चढ मोजत जावे. मोबाइल सांगतो त्या उंचीवर येथे भरवसा ठेवता येत नाही, कारण उभ्या दिशेतील त्याची चूक कित्येक मीटरची असू शकते आणि आपल्याला हवा असलेला फरक तेवढाच असतो. त्याऐवजी बाटली काढावी. ती आडवी धरून डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि आतील पाण्याच्या पृष्ठभागाच्या रेषेतून समोर पाहावे. ती रेषा समोरच्या चढावर जेथे जमिनीला टेकेल, ती जागा तुमच्या पायांपेक्षा तुमच्या डोळ्यांच्या उंचीइतकी वर आहे. माणसाची उंची १६० सेंटिमीटर असेल तर डोळे साधारण १५० सेंटिमीटरवर असतात. त्या जागी जाऊन उभे राहावे, वहीत एक रेघ मारावी आणि पुन्हा तेच करावे. रस्ता मध्येच उतरू लागला तर उलट दिशेने तोंड करून उतार मोजावा आणि एकूण चढातून तो वजा करावा. ही पद्धत काटेकोर नाही, प्रत्येक टप्प्याला वीतभर चूक होणारच. परंतु वाडा नदीच्या तुलनेत किती वर आहे याचा अंदाज तिने येतो, आणि मुख्य म्हणजे पायाला जो चढ जाणवत नाही तो डोळ्याला दिसू लागतो.

वाटेत यशवंतराव महाराज पटांगण, नेहरू चौक, बालाजी कोट, भांडी बाजार असे भाग लागतात. कोणत्या गल्लीतून जावे याला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते सरस्वती नाल्याला. दहीपुलाच्या बाजूने येणारा हा नाला आज रस्त्याखाली झाकलेला आहे आणि तो पुढे गोदावरीला मिळतो. दहीपुलावरून जाणाऱ्या कित्येकांना आपण पुलावर आहोत याची जाणीवही नसते. नदी फुगली की नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही, आणि गावात जोराचा पाऊस झाला तर गंगेला पूर नसतानाही सराफ बाजारात पाणी साचते. म्हणजे वाडा ज्या भागात उभा आहे तेथे पाणी दोन वाटांनी येते: समोरून नदीचे आणि बाजूने नाल्याचे. ज्यांनी हा वाडा बांधला त्यांनी मनात काय धरले होते हे सांगणारा कागद माझ्यासमोर नाही. परंतु मोठ्या वाड्याला उंच जोते असण्याची रीत आणि या जागेचे पाणी या दोहोंचा मेळ येथे इतका बसतो, की पुढे पायऱ्यांपाशी उभे राहिल्यावर हा नाला विसरून चालत नाही.

जोते, खण आणि लाकूड

वाड्यासमोर आल्यावर लगेच पायऱ्या चढू नयेत. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, एखाद्या बंद दुकानासमोर उभे राहून प्रथम फक्त खालचा भाग पाहावा: पायऱ्या आणि दगडी जोते. पायऱ्या मोजाव्यात, एकीची उंची टेपने घ्यावी आणि गुणाकार करून दाराचा उंबरा रस्त्यापेक्षा किती वर आहे ते काढावे. शेजारच्या दुकानांचे उंबरे रस्त्यापासून किती वर आहेत हेही पाहावे. या दोन आकड्यांतील फरक हाच वाड्याच्या बाह्य रूपातील सर्वांत बोलका भाग आहे, आणि छायाचित्रांत तो बहुधा हरवलेला असतो, कारण छायाचित्र काढणारा कॅमेरा वर करतो आणि पायथा कापला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या शहरांत रस्त्याची पातळी डांबराच्या थरांमुळे हळूहळू वर येत जाते. म्हणून सर्वांत खालची पायरी बाकीच्यांपेक्षा कमी उंचीची दिसली किंवा अर्धी बुजलेली वाटली, तर जोते मुळात आजच्यापेक्षा उंच होते असे समजायला हरकत नाही.

जोत्याचा दगड आपला नेहमीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. नाशिकच्या आसपासचे सारे डोंगर याच दगडाचे आहेत. पांडवलेणी याच दगडात कोरली आणि काळाराम मंदिर याच दगडाने बांधले. चिऱ्यांचे थर खालून वर मोजत जावे. थरांची उंची सारखी आहे की खालचे चिरे मोठे आणि वरचे लहान आहेत, उभे सांधे एकावर एक येतात की दर थराला सरकवले आहेत, हे पाहावे. सांधे सरकवलेले असतात, कारण एका चिऱ्यावरचे वजन खालच्या दोघांवर वाटले जाते आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत सरळ चीर जात नाही. चिऱ्याच्या तोंडावर छिन्नीचे बारीक ठोके दिसतात का ते तिरप्या उजेडात पाहावे. हाताने घडवलेल्या दगडावर ठोक्यांची दिशा थोडी थोडी बदलते. यंत्राने कापलेल्या दगडाचे तोंड सपाट आणि एकसारखे असते. दुरुस्तीत बसवलेला नवा दगड ओळखण्याची ही सोपी खूण आहे. हात लावण्याची गरज नाही, नजर पुरते.

सांध्यांतील भरण पाहणे हा यापुढचा धडा. पेशवाईतील बांधकाम चुन्यात होत असे. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि त्यातून ओल बाहेर पडू शकते; पावसात किंवा पुरात भिजलेली भिंत सांध्यांवाटे सुकते. पुढच्या काळात एखाद्या इमारतीत सिमेंटने सांधे भरले, तर ओलीची ती वाट बंद होते, मग पाणी शेजारच्या विटेतून किंवा गिलाव्यातून बाहेर पडू पाहते, सोबत क्षार घेऊन येते आणि भिंतीला लोणा लागतो. घट्ट बेसाल्टला याचा त्रास कमी होतो, विटेला आणि गिलाव्याला जास्त. जुन्या नाशिकमधील कुठल्याही वाड्यासमोर उभे राहिलात तरी पांढरट पापुद्रे कोठे आहेत आणि त्यांच्या शेजारचे सांधे करड्या रंगाचे आहेत का, एवढे पाहिले की दुरुस्तीचा इतिहास अर्धा वाचून होतो.

यानंतर नजर वर न्यावी आणि खण मोजावेत. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर. वाडा किती मोठा हे जुने लोक खणांत सांगत, फुटांत नव्हे. खणाची रुंदी मालकाच्या हौसेवर ठरत नाही, ती तुळईच्या लाकडावर ठरते: किती लांबीचा वासा मधे न झुकता वरचा मजला पेलेल, तेवढाच खण. म्हणून बाहेरच्या भिंतीतील खिडक्या, सज्जे, वाशांची टोके या सर्वांत एक लय सापडते, आणि ती लय भिंतीमागच्या न दिसणाऱ्या खांबांची असते. डावीकडून उजवीकडे सावकाश चालत, प्रत्येक खणासमोर थांबत, वहीत एकेक उभी रेघ ओढावी. कोठे लय मोडली, एखादी खिडकी मधेच सरकली, एखादा खण रुंद झाला, तर तेथे फुली करावी. दार, जिना, नंतर केलेली भर किंवा पडल्यावर पुन्हा बांधलेला भाग यांपैकी काहीतरी त्या फुलीमागे असते.

दगड कोठे थांबतो आणि लाकूड, वीट, गिलावा कोठे सुरू होतो ती आडवी रेषाही वहीत काढावी. वाड्यांच्या बांधणीत वरच्या मजल्याचा भार लाकडी सांगाडा घेतो आणि मधली भिंत बरीचशी भरणीची असते. वर हलके, खाली जड. त्यामुळे जोत्याच्या दगडाला भिजण्याची भीती नाही आणि ज्या लाकडाला ती आहे ते पाण्याच्या वर राहते. हा हिशेब देवळांत लागू पडत नाही. काळाराम मंदिरात दगडच थेट शिखरापर्यंत चढत जातो. म्हणून एकाच फेरीत हे दोन्ही पाहिले, की एकच काळा पाषाण देवासाठी आणि सरकारासाठी किती निराळ्या रीतीने वापरला गेला, ते समजते. लाकडी खांब, त्यांवरचे नक्षीदार हस्त (खांबाच्या डोक्याशी तुळईला आधार देणारे लाकडी टेकू), महिरपी यांचा मोह सर्वांनाच होतो. तो आवरावा असे मी म्हणणार नाही, परंतु नक्षी पाहताना ती कोणत्या अवयवावर आहे हेही पाहावे. हस्तावरील कमळ शोभेसाठी असले तरी खुद्द हस्त तुळईचे वजन खांबाकडे नेत असतो. नक्षी त्याच्या टोकाशी येते, जेथे लाकूड काढून टाकले तरी बळ कमी होत नाही.

उजेड कधी कसा पडतो

काळा दगड दुपारच्या उन्हात सपाट दिसतो. सकाळी किंवा संध्याकाळी किरण भिंतीला घासून जातात तेव्हा छिन्नीचे ठोके, चिऱ्यांच्या कडा, थरांचे पुढे-मागे होणे हे सर्व उठून येते. म्हणून आपण टिपून ठेवलेली दिशा येथे कामी येते: पूर्वेकडची भिंत सकाळी उन्ह घेते आणि दुपारनंतर सावलीत जाते, पश्चिमेची उलट, परंतु खरे तिरपे किरण हवे असतील तर भिंतीवर उन्ह नुकतेच येते किंवा नुकतेच सरते, तो अर्धा तास गाठावा लागतो. अरुंद गल्लीत समोरच्या इमारतीची सावली आडवी येते, तेव्हा नेमकी वेळ तेथे जाऊनच ठरवावी लागेल.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या आणि जुलैच्या उत्तरार्धात सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो. त्या दिवसांत, आभाळ मोकळे असेल तर, वळचणीची सावली सरळ खाली जमिनीवर पडते आणि सज्जा किती बाहेर आला आहे, हे त्या सावलीवरून चटकन कळते. डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवरच असतो. तेव्हा दक्षिणेकडच्या भिंतीवर छपराखालून ऊन आत शिरते आणि एरवी अंधारात राहणारे वाशांखालचे लाकूडकाम उजळते. नक्षी पाहायची असेल तर हिवाळ्यात जावे. दगड पाहायचा असेल तर पाऊस पडून गेल्यावर, जेव्हा ओला बेसाल्ट गर्द काळा होतो आणि सांध्यांची जाळी स्पष्ट दिसते. ढगाळ दिवसही वाया जात नाही, कारण तेव्हा लाकूड आणि दगड यांच्यात उजेडाचा टोकाचा फरक राहत नाही आणि दोन्ही एकाच छायाचित्रात येतात.

छायाचित्रांचे थोडक्यात सांगतो. मोबाइलमधील ०.५ चे रुंद भिंग वापरून अरुंद गल्लीत सगळा वाडा एका चौकटीत बसवता येतो, पण उभ्या रेषा आत कलतात आणि खणांची मापे कडेला ताणली जातात. असे चित्र स्मरणासाठी ठीक, अभ्यासासाठी निरुपयोगी. त्याऐवजी मोबाइल छातीशी सरळ उभा धरून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने समांतर चालत, खणागणिक एकेक चित्र घ्यावे आणि घरी ती शेजारी शेजारी लावावीत. प्रत्येक चित्रात एखादा माणूस किंवा एखादी पायरी येऊ द्यावी, म्हणजे माप राहते. हा सोन्या-चांदीचा बाजार आहे हे मात्र विसरू नये. दुकानांच्या दारांचे, शटरांचे, आतल्या मांडणीचे फोटो काढणारा अनोळखी माणूस कोणत्याही सराफाला खटकेल, आणि ते योग्यच आहे. आधी विचारावे, कशासाठी काढतो आहोत ते सांगितले की पुष्कळदा तेच दुकानदार दादा पुराचे पाणी कोठवर आले होते ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

कडेने, मागून आणि वरून

दर्शनी बाजू पाहून झाली की वाड्याला जमेल तेवढी प्रदक्षिणा घालावी. जुन्या वस्तीत इमारतींना इमारती चिकटलेल्या असतात, त्यामुळे पूर्ण फेरी मिळेलच असे नाही. परंतु जेथे बाजूची भिंत उघडी मिळते तेथे बाहेरचा देखावा संपून बांधणी सुरू होते. समोर ताशीव चिरे असतील आणि बाजूला ओबडधोबड दगड असेल, तर खर्च कोठे केला आणि कोठे वाचवला, हे कळते. वासे भिंतीतून थोडे बाहेर आलेले दिसले तर मजल्याची पातळी तेथे आहे. बुजवलेल्या कमानीची किंवा दाराची कड दिसली तर तो भाग पूर्वी उघडा होता. पन्हळी आणि पाण्याचे ओघळ पाहावेत: छपराचे पाणी गल्लीत सोडले आहे की आत चौकाकडे वळवले आहे, हे भिंतीवरच्या शेवाळावरून कोरड्या दिवशीही सांगता येते.

वरून पाहायचे असेल तर शेजारच्या एखाद्या गच्चीची परवानगी मिळवावी लागते. घरातल्या काकूंना किंवा आजोबांना नीट विचारावे, जिन्याखाली चप्पल काढावी, वाळत घातलेल्या पापड-कुरडयांना आणि कपड्यांना ओलांडू नये, आणि कॅमेरा शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे वळवू नये. एवढे पाळले तर नाशिकमध्ये नकार क्वचितच मिळतो, आणि मिळाला तर मुकाट्याने परत यावे. गच्चीवरून काय पाहायचे ते आधी ठरवलेले असावे: छपराचे उतार किती आणि कोणीकडे, चौकाची पोकळी रस्त्याला समांतर आहे की तिरपी, दर्शनी भागाचा मध्य आणि चौकाचा मध्य एका रेषेत येतात का. उतरती छपरे मूळची की पुढे बदललेली, हे कौलांच्या आकारावरून निदान विचारात घेता येते. मंगलोरी कौले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली, म्हणून पेशवाईतील इमारतीवर ती दिसली तर ते छप्पर नंतरचे.

ड्रोनचा विचार सोडून द्यावा. दाट वस्ती, संरक्षित वास्तू, जवळच देवळालीची लष्करी छावणी आणि ओझरचा विमानतळ. ड्रोन नियम, २०२१ आणि पोलिसांचे आदेश पाहिल्याशिवाय येथे काही उडवणे म्हणजे अडचण ओढवून घेणे आहे, आणि गच्चीवरून जे कळते त्याहून फार वेगळे काही हाती लागत नाही.

यानंतर गाडगे महाराज पुलावरून पलीकडे जाऊन एकदा मागे वळून पाहावे. दाट इमारतींमुळे वाडा येथून ओळखता येईलच असे नाही, आणि तो शोधत बसण्याचे कारणही नाही. येथून पाहायचे आहे ते गाव पाण्यापासून कसे वर चढत गेले आहे ते. जुने नाशिक टेकांवर वसले आहे. काठालगत प्रवाहाच्या दिशेने थोडे पुढे, जुन्या गढीच्या मातीच्या टेकाडावर १९५०-५१ मध्ये डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा तेथे ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. या गावात राहती जागा टेकांवर होती, आणि बाजार मधल्या सखल भागांत, नदीच्या जवळ. सरकारवाडा बाजाराच्या भागात आहे, गढीवर नाही. म्हणजे टेकाची जी उंची त्याला निसर्गाने दिली नाही, ती त्याने जोत्याने आणि पायऱ्यांनी मिळवली, असे मला या पुलावरून पाहताना वाटते. बाटलीने मोजलेला चढ आणि पायऱ्यांचा आकडा येथेच वहीत एकाखाली एक लिहून बेरीज करावी.

पावसाळ्यात हे सर्व करायचे असेल तर एक पथ्य कडक पाळावे. गंगापूर धरणातून विसर्ग सोडल्याची बातमी आली, होळकर पुलाखालच्या क्युसेकचे आकडे वाढू लागले, की काठावर जाऊ नये; पूर पाहण्यासाठी पायऱ्या उतरणाऱ्यांना पोलीस हटकतात ते उगाच नाही. पाणी ओसरल्यावर दोन-तीन दिवसांत जावे. दगडावर आणि शटरांवर गाळाची फिकट आडवी रेषा राहते, ती धुतली जाण्याआधी तिची उंची टेपने घ्यावी आणि कोणत्या पायरीशी ती जुळते ते तारखेसह लिहून ठेवावे. अशा नोंदी दोन-चार वर्षे ठेवल्या तर घरात बसून कोणी सांगू शकणार नाही एवढे तुम्ही या जोत्याबद्दल सांगू शकाल.

आता संग्रहालयाची वेळ झाली असेल. तिकीट असेल ते घेऊन आत जावे, पण पहिल्या दालनाकडे न वळता थेट चौकात यावे आणि बाहेर मोजलेले खण आतून पुन्हा मोजावेत. चौकाभोवतीच्या खांबांची संख्या बाहेरच्या रेघांशी जुळली तर वहीत तशी नोंद करावी. जुळली नाही, तर मधे कोठेतरी जाड भिंत, बंद जिना किंवा अंधारी खोली आहे. कोणत्या बाजूला फरक पडतो ते ठरवून, दालने पाहून झाल्यावर पुन्हा रस्त्यावर यावे आणि फुली केलेल्या खणासमोर उभे राहून तो फरक बाहेरून सापडतो का ते पाहावे.